नवा जुळवलेला संगणक सुरू न होणे

सुटे भाग आणून जुळवलेला डेस्कटॉप पहिल्यांदा बटण दाबल्यावर सुरू होत नाही, तेव्हा त्याचे कारण शोधण्याची पद्धत जुन्या संगणकाच्या दुरुस्तीहून वेगळी असते. काल चालणारे मशीन आज बंद पडले, तर त्यात काहीतरी बिघडलेले असते. नव्या मशीनमध्ये बहुतेक वेळा बिघाड नसतोच. एखादी वायर लावायची राहिलेली असते, रॅम अर्धवट बसलेली असते, स्क्रू नको तिथे गेलेला असतो किंवा दोन भाग एकमेकांना चालणारे नसतात. म्हणून नवा पार्ट आणायला धावण्याआधी लावलेला पार्ट काढून पुन्हा बसवावा. सोलापुरात ही गोष्ट पैशाइतकीच वेळेचीही आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो; पुढे नुसता ‘बोर्ड’) असे भाग बरेचजण ऑनलाइन मागवतात किंवा सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याहून, तपकीर गल्लीतून आणतात. चुकीच्या संशयावरून परत पाठवलेला चांगला बोर्ड म्हणजे आठवडाभराचा खोळंबा.

दुकानात किंवा फोनवर तक्रार सांगण्याची एक ठरलेली भाषा आहे : ‘अण्णा, पंखे फिरतायत, पण डिस्प्ले येत नाही.’ ऐकणाऱ्याला या एका वाक्यातून अर्धी दिशा मिळते. मशीन अजिबात पॉवर घेत नाही, पंखे क्षणभर फिरून थांबतात, पंखे चालू राहतात पण पडदा काळाच, आणि पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते पण पुढे जात नाही, ही चार लक्षणे वेगवेगळी आहेत. त्यांची कारणेही सहसा वेगळ्या ठिकाणी सापडतात. ‘सुरूच होत नाही’ एवढेच सांगणाऱ्याला चांगला कारागीर हाच पहिला प्रश्न विचारतो.

बटण दाबल्यावर काय घडते

आजचे बहुतेक डेस्कटॉप 1995 साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेवर आधारलेले आहेत. या रचनेत कॅबिनेटचे बटण थेट वीज चालू-बंद करत नाही. ते बोर्डाला फक्त इशारा देते. भिंतीतला आणि एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा असे दोन्ही स्विच चालू असले, की जांभळ्या वायरमधून 5 व्होल्टचा छोटा पुरवठा बोर्डापर्यंत सतत येत असतो. मशीन बंद असतानाही बोर्डावरचा एखादा दिवा लागलेला दिसतो तो याच्यामुळे. बटण दाबले की बोर्ड हिरवी वायर काळ्या वायरशी, म्हणजे शून्य व्होल्टशी जोडतो. मग एसएमपीएस जागा होऊन 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो. ते स्थिर झाल्यावर, साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांत, करड्या वायरवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत जातो आणि त्यानंतरच प्रोसेसर काम सुरू करतो. पुढे बायोस, म्हणजे बोर्डावरच साठवलेले सुरुवातीचे सॉफ्टवेअर, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क एकेक तपासते. या स्व-तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. पडद्यावर चित्र दिसायला या साखळीची प्रत्येक कडी धरलेली हवी. दोष शोधायचा म्हणजे साखळी कुठे तुटली ते पाहायचे.

भिंतीपासून सुरुवात

तपासणी कॅबिनेट न उघडता सुरू करावी. एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद राहणे ही अनुभवी माणसाकडूनही होणारी चूक आहे. एक्स्टेन्शन बोर्डातला ढिला सॉकेट, मागे पूर्ण न गेलेली पॉवर कॉर्ड, ही कारणे त्याच्या पाठोपाठ येतात. निऑनचा टेस्टर लागला म्हणजे वीज आहे, हा समज इथे फसवतो. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो लागतोच. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये फार तर काही व्होल्ट.

अर्थिंगकडे सोलापुरात खास लक्ष द्यावे. जिल्हा अवर्षणप्रवण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो. पाणी न घातलेला खड्डा उन्हाळ्यात कामाचा राहत नाही. जुन्या घरांत तर सॉकेटचे तिसरे भोक अनेकदा नुसते नावाला असते. अर्थिंग नसले, तर एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याइतका व्होल्टेज तरंगत राहतो आणि हात लावल्यावर मुंग्या येतात. मशीन सुरू न होण्याचे हे थेट कारण क्वचितच असते. पण त्या अवस्थेत आत हात घालणे माणसालाही वाईट आणि पार्टलाही. अर्थिंग आधी दुरुस्त करावे, मग संगणक उघडावा.

उन्हाळ्यावरच सगळा दोष टाकण्याची सवयही इथे आहे. बटण दाबल्याच्या पहिल्या सेकंदाला मेलेले मशीन उष्णतेने मेलेले नसते. प्रोसेसर नव्वद-शंभर अंश सेल्सियसच्या आसपास जाईपर्यंत स्वतःला सांभाळतो. खोलीतले 42 अंश त्याला सुरू होण्यापासून अडवत नाहीत. प्रोसेसरवरचा कूलर नीट टेकला नसेल किंवा त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल, तर मात्र मशीन सुरू होऊन काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी बंद पडते. त्या वेळी उष्णतेचा संशय रास्त आहे.

पॉवर अजिबात नसेल तर

बोर्डाला दोन ठिकाणी वीज लागते : 24 पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा छोटा कनेक्टर. दुसरा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या आड असतो. नव्या जुळणीत सर्वांत जास्त विसरला जातो तो हाच. तो नसला तर पंखे फिरतात, पण प्रोसेसर उपाशी राहतो. ग्राफिक्स कार्डाच्या 8 पिनांचा कनेक्टर दिसायला त्याच्यासारखाच असतो, पण त्यातल्या वायरांची मांडणी वेगळी असते. तो जोर लावून प्रोसेसरच्या जागी घुसवू नये.

यानंतर कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरी पाहाव्यात. पॉवर बटणाच्या दोन टोकांना उलटसुलट नसते. दिव्यांच्या वायरींना असते. बटणच खराब आहे का हे पाहायला ती वायर काढून, पॉवर बटणाच्या त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवाव्यात. मशीन सुरू झाले, तर दोष बटणाचा किंवा वायरीच्या जागेचा. रिसेटचे बटण आत अडकून बसलेले असेल, तरी बोर्ड पुढे जात नाही. ती वायर तात्पुरती काढून ठेवणे सोपे.

एसएमपीएस बोर्डापासून सुटा करून, हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून तो चालू होतो का हे पाहण्याची पद्धत जुनी आहे. तार जोडताना भिंतीतला स्विच बंद असावा. नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा कंपनीचा आराखडा पाहिल्याशिवाय हा प्रयोग करू नये. पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस मेला असेही लगेच म्हणू नये, कारण काहींचे पंखे भार कमी असताना थांबूनच राहतात. मीटरने मोजलेले बरे : 12 व्होल्टच्या वायरवर 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टच्या वायरवर 4.75 ते 5.25 एवढीच मुभा आहे. अर्थात ही परीक्षा भार नसतानाची. भार पडल्यावर कोसळणारा एसएमपीएस तीत पास होऊ शकतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहतो.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे, असे धरून चालावे. प्रस्तुत लेखकाने अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चादर कारखान्यात असे मशीन पाहिले. जॅकार्डची नक्षी आता संगणकावर चौकडीत भरली जाते. त्या कामासाठी मालकाच्या मुलाने स्वतः हौसेने जुळणी केली होती. बटण दाबले की पंखा अर्धा फेरा घेऊन थबकायचा. एसएमपीएस बदलून झाला होता, रॅमही. शेवटी बोर्ड स्क्रू काढून बाहेर घेतला, तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्यावर, बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या पितळी खुंट्यांपैकी एक जास्तीची दिसली. बोर्डाला तिथे भोकच नव्हते, आणि तिच्या डोक्याने मागच्या झाळणीच्या टोकांवर नखाएवढा चकचकीत ओरखडा उमटवला होता. खुंटी काढली, बोर्ड परत बसवला आणि मशीन पहिल्याच दाबाला उठले. मुलगा त्या खुंटीकडे बराच वेळ पाहत राहिला. कॅबिनेटमध्ये खुंट्या आधीपासून लावलेल्या येतात आणि बोर्डांचे आकार वेगवेगळे असतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

उघड्यावर मांडून पाहणे

वरच्या तपासणीतून काही निघाले नाही, तर सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे बोर्ड कॅबिनेटबाहेर काढणे. तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच लावावे. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावावे. डिस्क, यूएसबी, पुढच्या पॅनेलच्या वायरी, रंगीत दिवे सगळे बाजूला. एवढ्यावर डिस्प्ले आला, की एकेक भाग वाढवत जायचे. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलाआधी वायर काढायची. घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालले, तर कशामुळे चालले ते कळत नाही.

सोलापुरात हे काम जमिनीवर चादर अंथरून करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चादर घरात असतेच आणि स्क्रू हरवत नाहीत. तरी ती टाळावी. सुताचे तंतू रॅमच्या खाचेत आणि प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये जातात. पूर्व भागात, जिथे घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग चालतात, तिथे हवेतच तूस असते. मागाजवळ सॉकेट उघडे ठेवू नये. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीजही साठते. टेरिकॉटचा शर्ट घालून रॅमला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. केबल बोर्डाच्या मागे लावली आहे की ग्राफिक्स कार्डाच्या, हे आधी पाहावे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे त्यांत ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन 5 5600 मध्येही नसते. अशा प्रोसेसरवर कार्डाशिवाय चित्र येणारच नाही, आणि तो दोष नव्हे.

मग रॅम. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. एकच पट्टी असेल तर दुसऱ्या. दोन्ही टोके दाबल्यावर ‘कट्’ असा आवाज यायला हवा. काही बोर्डांना एकाच बाजूला खिट्टी असते, तिथे दुसरे टोक वर राहिलेले लक्षात येत नाही. डीडीआर 4 आणि डीडीआर 5 या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्हींना 288 संपर्क असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नाही म्हणून जोर लावू नये. दुकानांत रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची रीत आहे. जुन्या, काळवंडलेल्या पट्टीला ती एक वेळ चालेल. नव्या पट्टीवर तिने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो.

डीडीआर 5 च्या बाबतीत थांबणे हीच तपासणी आहे. पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी वेळा जुळवत बसतो आणि काही मिनिटे पडदा काळा राहतो. विशेषतः एएमडीच्या 2022 पासूनच्या एएम 5 सॉकेटच्या बोर्डांवर हे दिसते, आणि पट्ट्या चार असल्या तर वेळ आणखी वाढतो. दर तीस सेकंदांनी बटण दाबून बंद करणारा माणूस ते काम कधीच पूर्ण होऊ देत नाही. दहा-पंधरा मिनिटे त्याला हात लावू नये.

अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणे) असे चार छोटे दिवे असतात. जो लागून राहील तिथे तपासणी अडली. दिवे नसलेल्या बोर्डावर छोटा स्पीकर लावला तर बीप ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो. पुस्तिका पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नये.

प्रोसेसर बोर्डाच्या सॉकेटमध्ये बसतो, पण बोर्डाचे बायोस त्या प्रोसेसरच्या आधीचे असते, असेही होते. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर लावला की हे हमखास. बोर्डाच्या मागे बायोस भरण्याचे स्वतंत्र बटण असेल, तर पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही नवे बायोस भरता येते. ते नसेल तर जुना चालणारा प्रोसेसर मिळवावा लागतो. रॅमचा वेग वाढवल्यावर मशीन उठेना झाले असेल, तर वायर काढून बोर्डावरचा 3 व्होल्टचा सीआर 2032 सेल पाच मिनिटे बाहेर ठेवावा. बायोस मूळ स्थितीत येते.

शेवटी उरतो प्रोसेसरचा सॉकेट. इंटेलच्या आणि एएम 5 च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. एखादी वाकलेली असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, सावलीवरून ओळखू येते. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी रॅमची एखादी पट्टी बोर्डाला दिसेनाशी होते. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. वाकलेल्या पिनेवर वॉरंटी सहसा नाकारली जाते. म्हणून खोके उघडताना, प्रोसेसर बसवण्याआधीच, सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा, आणि प्रत्येक पार्टचे पक्के बिल वेगळे घ्यावे, कारण सुट्या भागांची वॉरंटी ज्याची त्याची असते.

डिस्प्ले आल्यावर लगेच विंडोज टाकायला बसू नये. बायोसमध्ये रॅम पूर्ण दिसते का, डिस्क दिसते का आणि दहा मिनिटांत प्रोसेसरचे तापमान चढत जाऊन कुठे थांबते, हे पाहावे. मग मशीन बंद करून, वायर काढून, खुंट्या मोजून बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवावा.