हेल्मेट मागवण्याआधी टेप हातात घ्या

(ऑटोक्रॉस, रॅली आणि ट्रॅक-डेला उतरणाऱ्या, शर्यतीचं सामान विकणाऱ्या आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी)

दसरा झाला, सडे (डोंगरमाथ्यावरची कातळाची पठारं) सुकले, की आमचा फोन वाजायला लागतो. कोणाला सड्यावरच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे आखलेल्या वळणांतून वेळ लावून गाडी पळवायला, उतरायचं असतं. कोणी आंबा घाट चढून कोल्हापूरला कार्टिंग करून आलेला असतो आणि आता खऱ्या गाडीत बसायचं म्हणतो. कोणाचं कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकला जायचं ठरलेलं असतं. बोलणं मात्र सगळ्यांचं सारखंच. ‘बाइकचं हेल्मेट चालेल ना?’ आणि ते चालणार नाही असं कळल्यावर, ‘बरं, मग एल साइज पाठवा.’ पहिल्याचं उत्तर देऊन घसा बसतो, दुसऱ्यापायी कुरिअरचे हेलपाटे होतात. म्हणून हे पत्रक. गाडी कशी चालवायची ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं, त्याबद्दल इथे काही नाही.

बाइकचं का चालत नाही

एखाद्या छोट्या हौशी ऑटोक्रॉसला आयोजक बाइकचं हेल्मेट चालवूनही घेतात. पण स्पर्धेच्या नियमपत्रकात ‘स्नेल एसए’ किंवा एफआयएचा (मोटार-शर्यतींच्या जागतिक संघटनेचा) नंबर छापलेला असेल, तर स्क्रूटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधी सामान तपासतात त्या टेबलावरूनच परत यावं लागतं. मग आदल्या रात्री आम्हाला फोन येतो. आदल्या रात्री आम्ही काहीच करू शकत नाही.

स्नेल ही हेल्मेटची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था. पीट स्नेल हा हौशी रेसर १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेला, डोक्यावर हेल्मेट असूनही. त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने ही संस्था काढली. तिच्या मानकांत ‘एम’ म्हणजे मोटरसायकल, ‘के’ म्हणजे कार्टिंग आणि ‘एसए’ म्हणजे मोटारींच्या शर्यतींसाठी. पुढचा आकडा मानकाच्या सालाचा: एसए२०१५, एसए२०२०, एसए२०२५.

एसए आणि एममध्ये फरक नेमका कशात? एसए हेल्मेटची आगीची चाचणी होते, एमची होत नाही. बाइकवाला पडला तर बाइकपासून लांब फेकला जातो, गाडीतला माणूस पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि पेट्रोल त्याच्याबरोबरच असतं. दुसरं, गाडीत डोक्याशेजारी रोल केजचे (गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून बसवलेल्या सांगाड्याचे) लोखंडी पाइप असतात आणि गाडी उलटताना डोकं त्याच पाइपवर पुन्हा पुन्हा आपटू शकतं. म्हणून एसएमध्ये रोलबारसारख्या आकारावर लागोपाठ मार देऊन पाहतात. तिसरं, एसए२०१५ पासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना मानेच्या उपकरणाचे (धडकेत डोकं पुढे झटकू न देणाऱ्या हॅन्सचे) पट्टे अडकवायला स्क्रूची जागा कारखान्यातच केलेली असते. बाइकच्या हेल्मेटला घरी ड्रिल मारून हे काम करून आणलेले नग आम्ही पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

उलटंही लक्षात ठेवा. एसए हेल्मेटमधून बाजूचं दिसणं थोडं कमी असलं तरी मानकाला चालतं, आणि आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. एवढे पैसे घातलेत म्हणून तेच घालून बाजारात बाइकवर जाल, तर ते बेकायदेशीर तर होईलच, शिवाय बाजूने येणारा डंपरही उशिरा दिसेल.

नेटवर अर्ध्या किमतीत ‘एसए’ मिळतं, असं सांगणारे बरेच भेटतात. मिळतं. मागे चिकटवलेला स्टिकर कोणीही छापून आणेल. स्नेलचं खरं लेबल आतल्या अस्तराखाली असतं आणि त्यावर अनुक्रमांक असतो. आमच्याकडे अस्तर बाजूला करून ते लेबल दाखवल्याशिवाय हेल्मेट पिशवीत जात नाही. बाहेरून घेतलंत तरी एवढं तपासा. ते घेऊन दुकानात आलात तर आम्हीही पाहून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

माप: सगळा घोटाळा इथेच

आता मुद्द्याचं. आमच्याकडे बदलायला येणाऱ्या हेल्मेटांत लहान पडलेलं क्वचितच असतं. येतं ते मोठं झालेलं, आणि तेही गिऱ्हाइकाने स्वतः हट्टाने मोठं घेतलेलं. दुकानात घालून बघताना गाल दाबले गेले की लगेच, ‘वायच सैल बघा, माका घुसमटता.’ आम्ही नको म्हणतो, गिऱ्हाईक ऐकत नाही, सैल घेऊन जातं. मग पहिल्याच खडबडीत लॅपला हेल्मेट डोळ्यांवर उतरतं आणि आम्हाला फोन येतो.

सैल हेल्मेट फक्त गैरसोयीचं नसतं, ते काम उशिरा सुरू करतं. हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलचा थर असतो. मार बसला की तो चेपतो आणि त्या चेपण्यातच धक्का जिरतो. डोकं आणि थर्माकोल यांच्यात फट असली, तर हेल्मेट थांबल्यावरही डोकं त्या फटीतून पुढे जातं आणि मग थर्माकोलवर आदळतं. शिवाय उलटताना सैल हेल्मेट पट्टा बांधलेला असूनही निघून येऊ शकतं.

माप असं घ्या. शिंप्याचा कापडी टेप आणा. सुताराचा लोखंडी टेप डोक्याभोवती वाकवून घेतलेली मापंही आम्हाला आलीत, त्यांचा उपयोग शून्य. कापडी नसेल तर सुतळी गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात फुगीर आहे त्यावरून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. इंच सांगू नका, सेंटिमीटर सांगा, आणि अर्धा सेंटिमीटरही गाळू नका. आतून आगरोधक टोपडं म्हणजे बॅलाक्लावा घालणार असाल तर ते घालूनच मोजा. शर्यतीआधी केस कापणार असाल तर कापून मोजा.

‘एल’ हे माप नव्हे. एका कंपनीचा एल ५९ सेंटिमीटरला येतो, दुसरीचा ६१ ला. तुमच्या बाइकच्या हेल्मेटचा एल इथे एम निघू शकतो आणि टी-शर्टच्या एलचा तर डोक्याशी काही संबंधच नाही. आकडा सांगा, कंपनीचा तक्ता आमच्याकडे आहे.

हेल्मेट घरी आलं की ते घट्टच वाटणार. गाल आत दाबले जातील, बोलताना आतून गाल चावला जाईल, चेहरा फुगलेल्या पुरीसारखा दिसेल. घाबरू नका. आता दोन्ही हातांनी हेल्मेट डावीउजवीकडे फिरवा. कपाळाची आणि गालांची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट फिरतंय आणि चेहरा जागच्या जागी आहे, तर मोठं आहे. मग पट्टा दुहेरी डी-रिंगमधून (त्याच्या दोन कड्यांमधून) ओवून नीट आवळा आणि घरातल्या कोणाला तरी मागची कड धरून वर आणि पुढे ओढायला सांगा. डोक्यावरून निघून आलं, तर साफ मोठं आहे.

त्यानंतर पंखा लावून वीस-पंचवीस मिनिटं ते घालून बसा. आईला किंवा बायकोला काय वाटायचं ते वाटू दे. काढल्यावर आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखा दाब लागलेला असेल तर उत्तम. कपाळाच्या मधोमध एकाच जागी लालबुंद वळ उठून दुखत असेल, तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोल घाटाचं आहे. तेव्हा मोठं माप घेऊन भागत नाही, घाट बदलावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा कंपनीच. आणि फक्त गाल दुखत असतील तर माप अजिबात बदलू नका. बऱ्याच हेल्मेटांत गालांच्या गाद्या निघतात आणि वेगळ्या जाडीच्या मिळतात. एवढ्याशा कारणासाठी माप वाढवून घेणारे सगळ्यात जास्त.

‘वापरून सैल होईल ना?’ हो, आतला स्पंज थोडा बसतो. थर्माकोल बसत नाही आणि बसायलाही नको. आज बरोबर वाटणारं हेल्मेट एका मोसमानंतर सैल होतं, आज घट्ट वाटणारं तेव्हा बरोबर होतं.

घुसमटतं ही तक्रार खोटी नाही. आपल्या दमट हवेत मेच्या दुपारी फुलफेस घालून रांगेत उभं राहणं सोपं नसतंच. पण त्यावर उपाय सैल माप नव्हे. उन्हात उभे असाल तोवर व्हायझर उघडा ठेवा, पाणी प्या, आणि नंबर यायच्या थोडं आधीच हेल्मेट घाला. बंद गाडीतल्या रॅलीला नियम परवानगी देत असतील तर ओपन-फेसही बघता येतं. चष्मेवाल्यांनी चष्मा घालून-काढून बघितल्याशिवाय ठरवू नये.

बदलून देण्याबद्दल

घरी घालून बघा, न पटल्यास आठवडाभरात बदलून देतो. अट एकच: आतलं प्लास्टिक आणि पट्ट्यावरची खूण तशीच हवी, आणि गाडीत घातलेलं नसावं. यावरून बरेच जण चिडतात. पण विचार करा, थर्माकोल आतून चेपला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. कोणाच्या हातून पडलेलं हेल्मेट पुसून आम्ही तुम्हाला विकलेलं चालेल का? जुनं हेल्मेट विकत घेणं-विकणं आम्ही करत नाही तेही याच कारणाने. जोरात आपटलेलं हेल्मेट बाद समजा, रंग उडालेला असो वा नसो. आणि न आपटलेलंही पाच वर्षांनी बदला, असं स्नेलही सांगते.

सूट, हातमोजे आणि बाकीचं

इथे आमची मंडळी नेमकं उलटं करतात: हेल्मेट सैल आणि आगरोधक सूट फोटोत छान दिसावा म्हणून अंगाला चिकटलेला. सूट सैलच हवा. थरांमध्ये अडकलेली हवाच उष्णता अडवते. स्टीअरिंग धरून बसल्यावर मनगट आणि घोटा उघडे पडले, तर लांबी कमी आहे.

सूटवर ‘एसएफआय ३.२ए/१’ (एसएफआय ही शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था) असेल तर तो एका थराचा, सुमारे तीन सेकंद दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यापासून वाचवतो. ‘३.२ए/५’ असेल तर सुमारे दहा सेकंद. बेल्ट सोडून दारातून बाहेर यायला तुम्हाला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा, मग स्वस्त कुठला ते ठरवा. एफआयएच्या स्पर्धांना ८८५६-२०१८ मानकाचा सूट लागतो. आत नायलॉन किंवा पॉलिएस्टरची जर्सी घालू नका, ती वितळून अंगाला चिकटते. नोमेक्सचे (आगरोधक कापडाचे) आतले कपडे नसतील तर निदान सुती घाला. सुती पेटतं, पण वितळत नाही.

पैसे मोजकेच असतील तर आमचा क्रम असा: आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग सूट. हातमोज्यांवर लोक हमखास काटकसर करतात. २०२० साली बहरीनला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँ जवळपास अर्धा मिनिट आगीत होता आणि जिवंत बाहेर आला. भाजले ते हात.

मानेच्या उपकरणाबद्दल, म्हणजे हॅन्सबद्दल, थोडक्यात: ते गाडीच्या मूळ तीन-पॉइंट बेल्टबरोबर काम करत नाही. त्याला खांद्यांवरून येणारे हार्नेसचे, म्हणजे शर्यतीच्या बेल्टचे, पट्टे लागतात. म्हणून आधी सीट आणि हार्नेस नीट बसवा, मग हॅन्स. हार्नेसच्या लेबलवर मुदतीचं साल छापलेलं असतं, ते वाचा. बक्षीस म्हणून मिळालेल्या जुन्या हार्नेसचे फोटो खूप जण पाठवतात. साल गेलेलं असेल तर तो भिंतीवर लावा.

पावसाळ्यात ठेवायचं कसं

कोकणात सामान जेवढं शर्यतीत खराब होत नाही तेवढं जून ते सप्टेंबर कपाटात होतं. हेल्मेट बंद पिशवीत घालून पोटमाळ्यावर टाकलं की गणपतीपर्यंत आतून पांढरी बुरशी. आधी अस्तर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पूर्ण सुकवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह सुती पिशवीत ठेवा. होडीच्या इंजिनाचा पेट्रोलचा कॅन जिथे असतो त्या खोलीत नको, आणि लाल माती निघत नाही म्हणून थिनर तर मुळीच नको. पेट्रोल आणि थिनर थर्माकोल खातात. सूटला ब्लीच नको, कडक ऊन नको, आणि पावसात कपडे सुकत नाहीत म्हणून चुलीवरच्या वलणीवरही नको. ऑइलचे डाग असलेला सूट आगीत निरुपयोगी होतो, म्हणून तो घालून गाडीखाली शिरू नका.

मागवायचं कसं

स्पर्धेच्या नियमपत्रकातल्या सुरक्षा-साहित्याच्या पानाचा फोटो पाठवा, म्हणजे मानकाचा नंबर आम्हीच बघतो. डोक्याला टेप लावलेला एक फोटो समोरून, एक बाजूने, आकडा दिसेल असा. चष्मा असल्यास तसं लिहा. सूटसाठी उंची, छाती, कंबर आणि बसून घेतलेली बाहीची लांबी. एवढं आलं की त्याच दिवशी काय आहे, काय मागवावं लागेल ते कळवतो. दुकानात येणार असाल तर दुपारी या आणि निवांत वेळ काढून या. संध्याकाळी गर्दीत घाईने घातलेलं हेल्मेट हमखास बदलायला येतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेला उतरायचं असेल, तर माप श्रावणातच पाठवा. गणपतीच्या आधीपासून विसर्जनापर्यंत हायवे तुंबलेला असतो, तेव्हाच्या कुरिअरची खात्री आम्ही देत नाही.