नगराध्यक्षांच्या हातातला नारळ

२१ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे निकाल लागले, आणि चार आठवड्यांच्या आतच संक्रांत आली. त्यामुळे नव्या नगराध्यक्षांचा पहिला महिना गावोगावच्या बातम्यांत साधारण सारखाच दिसतो: सत्कार, हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, टेनिस बॉल क्रिकेटची नाणेफेक, शाळेचे स्नेहसंमेलन, कुठल्या तरी प्रभागात रस्त्याचे भूमिपूजन. खुर्चीत बसून फाइल वाचतानाचा फोटो क्वचितच. ‘अध्यक्ष कामाला बसतात तरी कधी?’ असे कट्ट्यावर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण या कार्यक्रमांनाच काम मानण्याची सवय एका वर्षात लागलेली नाही.

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. त्याआधी नगरपालिका होत्या, पण सभासद बहुतेक सरकारने नेमलेले असत. मतदाराकडे जायचे नसल्याने गावात फिरण्याचेही कारण नव्हते. साहेब आला की स्वागताला उभे राहणे हाच मोठा कार्यक्रम. अशाच एका स्वागतावरून पुण्यात वाद झाला. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने १,००० रुपये खर्चायचे ठरवले. ३२ सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला: हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. पुढे नव्या मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांनी हाच आक्षेप घेतला. ती इमारत १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली आणि आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. नाव देणाऱ्यांना त्यातला विनोद जाणवला असेल की नाही, कोण जाणे.

रिपनच्या ठरावानंतर निवडून आलेले सभासद वाढत गेले. वकील, शिक्षक, व्यापारी नगरपालिकेत शिरले. गोपाळ कृष्ण गोखले आणि न. चिं. केळकर दोघेही पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. मतदान मात्र कर भरणाऱ्या मूठभरांपुरतेच. अध्यक्षांचे लोकांत मिसळणे म्हणजे बऱ्याचदा आपल्याच आळीतले मिसळणे.

ती चौकट मोडणारे उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे आणि जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ टिपणीस या सत्याग्रहाच्या उभारणीत आंबेडकरांसोबत होते. गावातल्या स्वतःच्या लोकांचा रोष ओढवून घेणारा असा ‘सामाजिक कार्यक्रम’ नगरपालिकांच्या इतिहासात फार थोडा सापडतो. दबाव इतका वाढला की ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला.

आजच्या अध्यक्षांची घडण मात्र १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यातून झाली आहे. त्यात अध्यक्ष सभा चालवतो, कारभारावर देखरेख ठेवतो. रोजचा कारभार, कर्मचारी, अंमलबजावणी हे सगळे मुख्याधिकाऱ्याकडे, आणि मुख्याधिकारी शासनाचा माणूस. निधीही बराचसा वरून येतो. नळाला पाणी आले नाही तर शिव्या अध्यक्षांना, पण पंप दुरुस्तीच्या फाइलवर सही दुसऱ्याची. अशा पदावरच्या माणसाच्या हाती स्वतःचे म्हणावे असे काय उरते? हजेरी. लग्नाला, दहाव्याला, गणपतीच्या आरतीला, वाढदिवसाच्या केकला हजेरी. मला हा कार्यक्रमांचा हव्यास केवळ मिरवण्याचा वाटत नाही. अधिकार तोकडे पडतात तिथे ओळख कामाला येते, मुख्याधिकाऱ्यालाही तिचे वजन कळते.

दुसरे कारण निवडणुकीचे. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. मग ते नगरसेवकांतून होऊ लागले. २००१ मध्ये पुन्हा थेट, काही वर्षांनी पुन्हा नगरसेवकांतून, २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये ती पद्धत रद्द, २०२२ मध्ये परत थेट. सरकार बदलले की पद्धत बदलली. नगरसेवकांतून निवड होते तेव्हा पंधरा-वीस जणांना सांभाळले की भागते, आणि सहलीला नेऊन लपवून ठेवण्याइतकाच लोकसंपर्क लागतो. थेट निवडणुकीत सगळे शहर मतदार. मग सगळ्याच वॉर्डांत दिसावे लागते.

महिलांच्या आरक्षणाने कार्यक्रमांचे रूपही पालटले. महाराष्ट्रात १९९० पासून स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा महिलांना मिळाल्या, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ते प्रमाण एक तृतीयांश झाले, २०११ पासून निम्म्या. वाड्यातले हळदीकुंकू मंगल कार्यालयात आले, वाणात स्टीलच्या डब्याबरोबर नाव छापलेली पिशवी आली. त्यात विधवांना बोलावायचे की नाही, हा प्रश्न काही गावांत आता उघडपणे विचारला जातो, हे मात्र चांगले झाले.

अलीकडची चार वर्षे या सगळ्यात वेगळीच गेली. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या, मुदती संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले. अध्यक्ष नव्हते, पण कार्यक्रम थांबले नाहीत. ‘भावी नगराध्यक्ष’ असे फ्लेक्स चौकाचौकांत लागले. वह्या वाटल्या गेल्या, देवदर्शनाच्या बसगाड्या सुटल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तोपर्यंत इच्छुकांचा चांगलाच सराव झाला होता. आज निवडून आलेल्यांपैकी कित्येकांच्या सध्याच्या डायऱ्या त्या दिवसांतल्याच आहेत, फक्त ‘भावी’ हा शब्द गेला.

हळदीकुंकवाचा हंगाम रथसप्तमीला संपतो. पाठोपाठ नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाची सभा येते. तिथे पाणीपट्टी, घरपट्टी, कचऱ्याचा ठेका यांचे आकडे ठरतात, आणि स्थानिक पानावर तिची बातमी आतल्या कोपऱ्यात, फोटोविना छापून येते.