खनिज नुसतं वितळवून लोखंड मिळत नाही

‘खनिज भट्टीत वितळवलं की लोखंड तयार’ हा समज जुना आहे, आणि अनेक सिम्युलेशन गेममध्येही तो तसाच उतरलाय. हेमेटाइट या लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. भट्टीच्या नुसत्या धगीने ते सुटत नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तो ऑक्सिजन ओढून घेतो. म्हणजे कोळसा इंधन आहेच, शिवाय कच्चा मालही. गेममध्ये त्याच्या जागी नुसती वीज चालवली, तर गणित इथेच चुकतं.

जुन्या मातीच्या भट्टीत साधारण 1200 अंश सेल्सिअस गाठलं जाई. लोखंड वितळतं 1538 ला. त्यामुळे रस निघायचा तो धातुमळीचा, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या अशुद्धीचा; लोखंडाचा मिळे स्पंजासारखा गोळा. तो तापलेला असतानाच ठोकून उरलेली मळी काढावी लागे. शुद्ध हेमेटाइटच्या 10 किलोत लोखंड जेमतेम 7 किलो, त्यातलंही बरंच मळीत जाई.

पडताळायचंय? दादरच्या पूजासाहित्याच्या दुकानातून खरा गेरू आणा; त्याचा लाल रंग हेमेटाइटचाच. तव्यावर कितीही तापवला तरी चुंबक त्याला उचलत नाही. मग कोळशाची पूड मिसळून, सैल झाकणाच्या लोखंडी डबीत, निखाऱ्यांत तासभर लालबुंद होऊ द्या. हे मोकळ्या हवेतच करा, वायू विषारी असतो. डबी न उघडता गार करा. आतली काळपट पूड चुंबकाकडे धावते: ऑक्सिजन सुटू लागलाय, पूर्ण लोखंड अजून झालेलं नाही.