मैलापाण्यातील नत्राचे जैविक निष्कासन

शहरी मैलापाण्यात विरघळलेला नत्र जीवाणूंकरवी वायुरूप करून हवेत परत सोडण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा आहे. हा नत्र मुख्यतः मूत्रातील युरियाचा असून गटारातून शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचेतो त्यातील बराचसा अमोनियात बदललेला असतो. असे पाणी नदीत सोडल्यास अमोनिया माशांना घातक ठरतो, पाण्यातला ऑक्सिजन खर्ची पडतो आणि शेवाळ माजते.

प्रक्रियेचे टप्पे दोन, पण त्यांना लागणारी परिस्थिती परस्परविरुद्ध. नायट्रीकरणात नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा यांसारखे जीवाणू भरपूर हवेत अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. १ ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ७.१४ ग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) खर्च होते. हे जीवाणू सावकाश वाढतात, म्हणून ते ज्यात राहतात तो गाळ टाकीत कित्येक दिवस टिकवावा लागतो. तो घाईने काढल्यास ते वाहून जातात. विनायट्रीकरणात मात्र विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नसावा लागतो. तेथे वेगळे जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरून सेंद्रिय कार्बन खातात, नायट्रोजन वायू सुटतो आणि गमावलेल्या क्षारतेपैकी निम्मी परत मिळते.

खरी अडचण क्रमाची आहे. नायट्रेट तयार होईपर्यंत मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्य हवेच्या टाकीतच संपते, मग मिथेनॉलसारखा कार्बन विकत घ्यावा लागतो. लुडझॅक व एटिंगर या संशोधकांनी १९६२ मध्ये हवाविरहित टाकी आधी ठेवली, आणि पुढे अभियंता जेम्स बर्नार्ड यांनी हवेच्या टाकीतील नायट्रेटयुक्त मिश्रण पंपाने मागे आणण्याची जोड दिली. त्यामुळे कच्चे मैलापाणीच जीवाणूंचे खाद्य ठरले. तरीही हे मिश्रण व निवळण टाकीत (जिथे गाळ तळाशी बसतो) साचून परत आणलेला गाळ मिळून मूळ प्रवाहाच्या चौपट परत फिरवले, तर फार तर ८० टक्के नायट्रेट निघतो. उरलेला पुढे जातोच. हाच नायट्रेट निवळण टाकीच्या तळाशी रेंगाळला, तर तिथे वायूचे बुडबुडे होऊन गाळाचे लगदे वर तरंगतात व बाहेर पडणारे पाणी गढूळ होते.

भारतात २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत मैलापाणी केंद्रांसाठी नत्राची मर्यादाच नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये एकूण नत्रासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. केवळ बीओडी (सेंद्रिय द्रव्य कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) कमी करण्यासाठी बांधलेल्या जुन्या केंद्रांत हवाविरहित टाकीच नसल्याने, दिसायला स्वच्छ पाण्यातही पुष्कळ नत्र शिल्लक असतो.