लाकडी व पोलादी भिंतसांगाड्याचे मॉडेलिंग

भिंतीच्या पोटात उभ्या-आडव्या पट्ट्यांचा जो सांगाडा असतो, त्याचा प्रत्येक तुकडा वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या मापाने, नेमक्या जागी आणि शेजारच्या तुकड्याशी असलेल्या जोडासह मांडणे, याला भिंतसांगाड्याचे मॉडेलिंग म्हणतात. हा सांगाडा लाकडाचा असतो किंवा गरम न करता, यंत्रावर वाकवलेल्या पातळ पोलादी पत्र्याचा, ज्याला बांधकामात लाइट गेज स्टील म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात भिंत म्हटले की चिरा, वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक हेच डोळ्यांसमोर येते. सांगाड्याची भिंत येथे आली ती गच्चीवरची वाढीव खोली, कारखान्याच्या आवारातील कचेरी, दुकानातील पार्टिशन आणि खानापूरच्या पश्चिमेकडील पावसाळी डोंगरपट्ट्यातील हलकी घरे यांच्या निमित्ताने. अशा भिंतीचे काम करणारे कारागीर त्यामुळे मोजके असतात, आणि नकाशात जे स्पष्ट झालेले नाही ते जागेवर अनुभवाने भरून काढण्याची सोय, जी चिऱ्याच्या कामात गवंड्यामुळे असते, ती येथे मिळत नाही.

लाकडी सांगाडा या भागाला नवा नाही. बेळगावातील शहापूरच्या जुन्या घरांत, निपाणी-चिकोडीकडच्या वाड्यांत दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई आणि तुळईवर कडीपाट अशी रचना असते. भार खांब वाहतात आणि घर खणांत मोजले जाते. 1830 च्या दशकात शिकागोच्या परिसरात पसरलेली आणि पुढे उत्तर अमेरिकेत रूढ झालेली पद्धत याच्या उलट आहे. तीत जाड खांब नसतात. बारीक उभे दांडे, म्हणजे स्टड, जवळजवळ उभे करून भार सगळ्या भिंतीवर वाटून दिला जातो. स्टडमधील अंतर तेथे 16 किंवा 24 इंच असते, मेट्रिक मापे वापरणाऱ्या देशांत 400 किंवा 600 मिमी. खणांची सवय असलेला सुतार अशा नकाशात आधी खांब शोधतो, आणि तीच सवय असलेला ड्राफ्ट्समन मॉडेलमध्ये प्रत्येक कोपऱ्यावर गरज नसताना जाड खांब टाकून मोकळा होतो.

सांगाड्याचे मुख्य अवयव थोडे आहेत. खाली आडवी तळपट्टी, वर एक किंवा दोन माथापट्ट्या, त्यांच्यामध्ये स्टड, स्टड वाकू नयेत म्हणून मधल्या उंचीवर आडवे ठोकळे, आणि भिंत बाजूला कलू नये म्हणून तिरपी पट्टी किंवा प्लायवूडचे आच्छादन. खिडकी-दाराच्या दोन्ही अंगांना पूर्ण उंचीचा स्टड, त्याला लागून लिंटेल (खिडकी-दारावरची आडवी तुळई) पेलणारा आखूड आधार-स्टड, लिंटेलच्या वर आणि खिडकीच्या उंबऱ्याखाली छोटे तुकडे, एवढी भर पडते.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भिंत दोन रूपांत राहू शकते. पहिल्या रूपात ती थरांचा एक अखंड पट्टा असते: बाहेरचे आच्छादन, मधला सांगाड्याचा थर, आतला जिप्सम बोर्ड. या रूपात सांगाडा म्हणजे केवळ 89 मिमी जाडीचा एक थर असतो, त्यातला एकही स्टड अस्तित्वात नसतो. दुसऱ्या रूपात भिंत ही तुकड्यांची जुळणी असते. रेव्हिट, आर्किकॅड यांसारख्या प्रणालींत काम पहिल्या रूपाने सुरू होते आणि स्टड आपोआप भरण्यासाठी सहसा पूरक प्रणाली जोडावी लागते. चीफ आर्किटेक्टमध्ये ही सोय मुळातच आहे. स्केचअपमध्ये अनेक जण एकेक तुकडा कॉम्पोनंट म्हणून हाताने मांडतात. व्हर्टेक्स बीडी किंवा फ्रेमकॅडसारख्या प्रणाली तर अशा सांगाड्यांसाठीच बनल्या आहेत. निरनिराळ्या प्रणालींत देवाणघेवाण व्हावी म्हणून असलेल्या आयएफसी या खुल्या मानकात, जे आयएसओ 16739 म्हणून ओळखले जाते, भिंत हा एक घटक आणि तिच्यातले स्टड व पट्ट्या हे तिचे स्वतंत्र अंश म्हणून नोंदवता येतात. परवानगीच्या नकाशाला पहिले रूप पुरते. तुकडे कापायचे असतील तर दुसऱ्या रूपाला पर्याय नाही, आणि दोन्ही रूपे एकाच वेळी मोजणीत धरली तर लाकूड दुप्पट निघते.

मॉडेलची खरी किंमत नियमांत असते. स्टड किती अंतरावर, मोजणी कोणत्या टोकापासून, कोपऱ्यात दोन स्टड की तीन, दोन भिंती टी आकारात मिळतात तेथे बोर्ड ठोकायला आधार कुठला, हे ठरवले नाही तर सॉफ्टवेअर आपल्या मूळ सेटिंगने ठरवते, आणि ते सेटिंग बहुधा दुसऱ्या देशातील बाजारासाठी केलेले असते. बेळगावच्या बाजारात प्लायवूड 8 बाय 4 फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी मिळते. जिप्सम बोर्डही 1220 मिमी रुंदीचा मिळतो. मॉडेलमध्ये अंतर 600 मिमी राहिले, तर पहिल्या बोर्डाचा सांधा 1220 वर येतो आणि स्टडचा मध्य 1200 वर असतो. स्टडची कड सुमारे 40 मिमी रुंद धरली तर सांधा तिच्या अगदी काठावर पडतो. दुसऱ्या बोर्डाचा सांधा 2440 वर, म्हणजे 2400 वरच्या स्टडला पूर्ण चुकवून, पोकळीवर येतो. अंतर 610 केले की प्रश्न मिटतो. पडद्यावर दोन्ही भिंती सारख्याच दिसतात.

उघडणीपाशी, म्हणजे खिडकी-दारापाशी, नियमाची कसोटी लागते. 3660 मिमी लांबीच्या भिंतीत 610 अंतराने सात स्टड येतात. त्यात मधोमध 1200 मिमीची खिडकी ठेवली तर ती 1230 ते 2430 अशी बसते. 1830 वरचा स्टड निघून जातो, त्याच्या जागी लिंटेलवर आणि उंबऱ्याखाली छोटे तुकडे त्याच अंतरावर राहिले पाहिजेत, कारण वरून-खालून बोर्डांना आधार लागतोच. पण खिडकीच्या डाव्या कडेचा आधार-स्टड आणि 1220 वरचा नियमित स्टड आता एकमेकांत घुसलेले असतात. काही प्रणाली त्यांतला एक गाळतात, काही दोन्ही ठेवतात आणि तुकड्यांच्या यादीत दोन्ही मोजतात. हा छेद शोधून खिडकी थोडी सरकवायची की स्टड एकत्र करायचे, हा निर्णय रचनाकाराचा असतो आणि तो यंत्रावर सोडू नये.

लाकडाच्या मॉडेलमध्ये मापाचा प्रश्न सर्वांत आधी येतो. अमेरिकी लायब्ररीतील 2 बाय 4 हा दांडा प्रत्यक्षात 38 बाय 89 मिमी असतो, कारण नावाचे माप रंधा मारण्यापूर्वीचे आहे. आपल्याकडे सॉमिलमध्ये चार बाय दोन मागितले तर तेवढेच कापून मिळते आणि मग रंध्याखाली प्रत्येक अंगाने सूत-दोन सूत जाते. म्हणून लायब्ररीतला दांडा जसाच्या तसा न घेता रंधलेला नमुना मोजून त्याचे माप भरावे. 2700 मिमी उंचीच्या भिंतीत 38 मिमीची तळपट्टी आणि दोन माथापट्ट्या मिळून 114 मिमी जातात आणि स्टडची लांबी 2586 मिमी राहते. सुताराच्या टेपवर हे माप 8 फूट 5 इंच साडेसहा सूत होते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कापणीच्या यादीत दोन्ही एकके शेजारी छापणे हा उपाय अगदी साधा आहे, तरी तो फार थोड्या कचेऱ्यांत पाळला जातो.

लाकूड आक्रसते आणि फुगते, हे मॉडेलला ठाऊक नसते. आक्रसणे तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त आणि लांबीच्या दिशेने नगण्य असते, त्यामुळे स्टड तेवढाच राहतो पण तळपट्टी व माथापट्ट्यांची जाडी बदलते. खानापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात कापलेले ओलसर लाकूड वापरले, तर उन्हाळ्यापर्यंत बोर्डांचे सांधे उघडतात. तळपट्टी जोत्यावर, ओल रोखणाऱ्या थराच्या वर दाखवणे आणि वाळवीविरुद्ध प्रक्रिया केलेले लाकूड वेगळ्या मटेरियलने नोंदवणे ही मॉडेलरचीच जबाबदारी आहे. लाकूड टिकवण्याच्या प्रक्रियेसाठी आयएस 401 आणि लाकडाच्या भारवाही रचनेसाठी आयएस 883 ही भारतीय मानके आहेत.

पोलादी सांगाड्यात स्टड सी आकाराचा आणि आडवी ट्रॅक यू आकाराची असते. स्टड ट्रॅकच्या पोटात बसत असल्यामुळे लांबीतून पट्टीची जाडी वजा होत नाही, फक्त पत्र्याची जाडी जाते. लाकडाची भिंत तयार असताना नुसते मटेरियल बदलून तिला पोलादी करणाऱ्याच्या यादीत प्रत्येक स्टड शंभराहून अधिक मिमी आखूड निघतो, तो याच कारणाने. सी आकाराला तोंड असते आणि ते कोणत्या दिशेला आहे याला अर्थ असतो: खिडकी-दाराच्या कडेला सपाट पाठ उघडणीकडे यावी लागते, आणि वायर व नळ्यांसाठी पाडलेली भोके सर्व स्टडमध्ये एका रेषेत यावी लागतात. मिरर कमांडने भिंत उलटवली की दिशा बदलते, आणि स्टड वर-खाली फिरला की भोकांची रेषा मोडते.

सर्वांत धोक्याची गफलत जाडीची आहे. शहरातील फॉल्स सीलिंग व पार्टिशनचे कारागीर ज्या चॅनेलला सरावलेले असतात, त्याचा पत्रा सुमारे 0.5 मिमीचा असतो आणि त्याने बोर्डाखेरीज काही पेलायचे नसते. भार वाहणाऱ्या स्टडचा पत्रा सामान्यतः 0.75 ते 1.6 मिमी असतो. मॉडेलमध्ये दोघांची बाह्यरेषा एकच, त्यामुळे जाडी, पोलादाची प्रत आणि जस्ताच्या मुलाम्याचे प्रमाण हे गुणधर्म तुकड्याला लिहून जोडले नसतील तर चुकीचा माल आल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. मुलाम्यासाठी आयएस 277, तर अशा अवयवांच्या भारगणितासाठी 1975 ची आयएस 801 ही संहिता आहे. सांगाड्याचे मॉडेल म्हणजे बलगणित नव्हे. लिंटेल किती खोल, तिरपी बंधने कोठे, छप्पर वाऱ्याने उचलले जाऊ नये म्हणून तळाशी नांगरबोल्ट किती, हे संरचना अभियंत्याने काढून द्यायचे असते. भूकंपरोधक रचनेच्या आयएस 1893 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे. हलक्या भिंतीवर भूकंपाचा भार कमी येतो, वाऱ्याचा मात्र नाही.

उष्णतेच्या बाबतीतही दोन द्रव्ये फार वेगळी वागतात. पोलादाची उष्णतावाहकता लाकडाच्या साधारण 400 पट असते. स्टडमधल्या पोकळीत रॉकवूल भरले तरी उष्णता पोलादी स्टडमधून वाट काढते, म्हणून थरांच्या रूपातील भिंतीवरून काढलेले उष्णतारोधाचे आकडे पोलादी भिंतीला फारच आशावादी ठरतात.

मॉडेलचा शेवटचा उपयोग कापणीसाठी होतो. रोल-फॉर्मिंग यंत्र पत्र्याच्या गुंडाळीतून स्टड वाकवते, भोके पाडते, कापते आणि त्यावर क्रमांक छापते; त्याला लागणारी माहिती थेट मॉडेलमधून जाते. भारतात या पद्धतीचे मोठे उदाहरण म्हणजे 2021 साली ज्यांची पायाभरणी झाली त्या केंद्र सरकारच्या सहा लाइटहाउस गृहप्रकल्पांपैकी आगरतळ्याचा प्रकल्प, जेथे लाइट गेज स्टीलचा सांगाडा वापरला गेला. जेथे असे यंत्र जवळ नाही तेथे यादी छापून फॅब्रिकेटरकडे जाते आणि तो कटरवर तुकडे कापतो. तुकड्यांना नावे देण्याऐवजी भिंतीचा व तुकड्याचा क्रमांक द्यावा हे सीमाभागात विशेष सोयीचे पडते, कारण एकाच जागेवर सुतार मराठी, स्क्रू मारणारा कन्नड आणि बोर्ड लावणारा हिंदी बोलत असतो, आणि 3-7 हा आकडा तिघांनाही कळतो. बोर्ड बंद करण्यापूर्वी जागेवर झालेले बदल मॉडेलमध्ये परत भरले, तर पुढे गिझर किंवा टीव्ही टांगणाऱ्याला स्टड नेमका कोठे आहे ते भिंत न ठोकता सांगता येते.