पॅलेटमधला तपकिरी आणि लडीतला तपकिरी

‘या पॅलेटमधल्या चौथ्या चौकोनाला अँकरच्या दोऱ्याचा कुठला नंबर?’ असं भरतकाम करणाऱ्या कुणी विचारलं की हल्ली मी उत्तरच देत नाही. ॲपने फोटोतून काढलेले रंगांचे चौकोन, म्हणजे पॅलेट, आणि दोऱ्यांचं शेडकार्ड यांच्या नुसत्या जोड्या लावायच्या असत्या, तर मग आपलं काय काम होतं?

किरकोळ फरक सगळ्यांना ठाऊक आहेत. प्रत्येक फोनचा स्क्रीन वेगळा. दोऱ्यांच्या कंपन्यांचे नंबरही वेगळे: काळा डीएमसीत ३१०, अँकरमध्ये ४०३. कोष्टक बघा आणि पुढे चला.

खरी गोची सावलीत आहे. दसऱ्याच्या झेंडूच्या तोरणाचा फोटो ॲपमध्ये टाकला, तर दोन नारिंगी, एक तपकिरी, एक काळपट हिरवा आणि एक राखाडी आला. मी तपकिरीला जुळणारी लडी आणून पाकळ्यांच्या आत इमानेइतबारे भरली. मावशी म्हणाली, ‘तोरण दिवाळीपर्यंत उतरवलं नव्हतंस का गं?’

फोटोतल्या त्या ठिपक्यात पाकळीचा रंग आणि तिच्यावरची सावली एकत्र कालवलेली असते. नारिंगीवरचा उजेड कमी झाला की तो ठिपका सुटा पाहिल्यावर तपकिरीच दिसतो. शेजारी लख्ख नारिंगी असतो म्हणून डोळा त्याला सावलीतली पाकळी समजतो. ॲप नेमका तो शेजारच तोडून टाकतं. शिवाय दोऱ्याला स्वतःची चमक असते. सॅटिन टाक्याची, म्हणजे लगत लगत सरळ भरलेल्या टाक्यांची, दिशा फिरवली की एकाच लडीच्या दोन छटा दिसतात. म्हणजे थोडी सावली दोरा फुकटातच देतो. वर आणखी तपकिरी भरला की फूल कुजतं. आता मी नारिंगी डीएमसी ७४० च्या सावलीला ९४६ घेते, फारच खोल हवी तर ९००. म्हणजे तांबड्याकडे सरकायचं, तपकिरीकडे नाही.

हे दुखणं जुनं आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ या टॅपेस्ट्री (विणलेल्या चित्रांच्या) कारखान्यात रंगाईचं काम बघत होता. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांतला काळा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. काळा रंग ठीकच होता, शेजारचे रंग त्याला मारत होते.

त्या पाच सारख्या चौकोनांचाही मला राग आहे. तोरणात आंब्याची पानं चार, पण चौकोन झेंडूएवढाच! पॅलेटवरून मी फक्त कुठले रंग एकत्र नांदतात ते बघते, आणि गडद-उजळ ठरवायला फोटो काळा-पांढरा करते.

नंबर ठरतो तो दुकानाच्या पायरीवर, दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली तर नाहीच. सहा पदरांची गुंडाळलेली लडी गडदच दिसते. दोन पदरांनी भरलं की मधून कापड डोकावतं आणि रंग फिका दिसतो. म्हणून दोन पदर सोडवून, सोबत नेलेल्या कापडावर शेजारी शेजारी ठेवून बघते. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.