रिकाम्या स्ट्रिपवर ट्रामाडॉल का मिळत नाही

डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला आलेले गिऱ्हाईक आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर रिकामी स्ट्रिप ठेवते, नाहीतर मोबाइलवरचा चिठ्ठीचा फोटो दाखवते. "हीच गोळी द्या, मागे डॉक्टरांनीच दिली होती." कंबरदुखीने वाकलेल्या माणसाला परत पाठवणे आमच्याही जिवावर येते. तरीही ट्रामाडॉलसाठी, म्हणजे अफूच्या जातीच्या या वेदनाशामक गोळीसाठी, मूळ चिठ्ठीच लागते, ओळखीच्या माणसालासुद्धा.

ही गोळी 'शेड्यूल एच-वन' या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे आणि २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आली आहे. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, किती गोळ्या दिल्या, हे सगळे वेगळ्या रजिस्टरात लिहून ते ३ वर्षे जपावे लागते. औषध दिले की चिठ्ठीवर आमचा शिक्का आणि तारीख पडते. डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल लिहिले नसेल, तर ती चिठ्ठी तिथेच संपली. फोटोवर शिक्का मारता येत नाही. एकाच फोटोवर चार दुकानांतून गोळ्या उचलता येतात, आणि सवय लागते ती अशीच.

सवयीपेक्षा मोठा धोका श्वासाचा. ट्रामाडॉल, मॉर्फिन अशी औषधे जास्त झाली की श्वास मंदावतो. सोबत झोपेची गोळी किंवा दारू असेल तर नेहमीचा डोसही जड जातो. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या दिवसांत हे मुद्दाम सांगावे लागते: गोळी चालू असताना थेंबही नको. फिट येणाऱ्यांनी आणि नैराश्यावरची औषधे घेणाऱ्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगावे, कारण ट्रामाडॉलने फिट येऊ शकते. माणूस हलवूनही जागा होत नाही, श्वास संथ किंवा घरघरता आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, तर लगेच १०८ ला फोन करा. उतारा म्हणून नालोक्सोन आहे, पण इस्पितळात पोचायला हवे.

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी नेमकी उलटी चूक होते. "मॉर्फिन म्हणजे शेवट" असे समजून घरचे गोळी लपवतात आणि माणूस रात्रभर कण्हत राहतो. मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते दुखणे उठेपर्यंत थांबून नव्हे, घड्याळ बघून द्यायचे. बद्धकोष्ठ होणारच, म्हणून पोट साफ करणारे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. काही आठवडे घेतलेले औषध एकदम बंदही करू नका, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात.

मॉर्फिन आणि फेंटानिल या तशाच जोरकस औषधाचे कातडीवर चिकटवायचे पॅच आम्ही ठेवत नाही. पण गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) किंवा दुसरीकडून पॅच मिळाला असेल तर तो घेऊन या, कसा लावायचा ते दाखवू. तो साधारण ७२ तास चालतो. नवा लावण्यापूर्वी जुना काढलाच पाहिजे. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध भराभर अंगात जाते. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरते, ते लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

पुढच्या वेळी मूळ चिठ्ठीसोबत बीपी, साखर, झोप, सगळ्या गोळ्या एका पिशवीत आणा. कोणती कशाला मारक आहे ते आमचे फार्मासिस्ट बघून देतात, त्याचे पैसे नाहीत. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी फोन केलात तर माल आणून ठेवतो, वाळपई-साखळीहून दोनदा फेरी पडणार नाही.